२१ वेळा आयर्नमॅन झालेला आहारतज्ज्ञ: धावणाऱ्याच्या ताटामागचं शास्त्र आणि आपला रमजान

रमजान जवळ आला की ज्या घरात एखादा धावपटू, सायकलपटू किंवा पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा असतो, तिथे दरवर्षी एकच वाद रंगतो. अम्मी म्हणते, रोजे आहेत तोवर पळणं बंद. मुलगा म्हणतो, महिनाभर थांबलो तर वर्षाची मेहनत पाण्यात. अब्बा म्हणतात, रोजा फर्ज आहे, पळणं नाही. तिघांचंही आपापल्या जागी खरं असतं. या भांडणात ज्याचं मत घ्यायला हवं, तो माणूस मात्र आपल्या ओळखीत नसतो: खेळाडूंचा आहारतज्ज्ञ.

आहारतज्ज्ञ म्हटलं की आपल्यासमोर दवाखान्यात बसून शुगरच्या पेशंटला भात कमी करायला सांगणाऱ्या बाई येतात. ते काम मोठंच आहे. पण याच विद्येची एक वेगळी शाखा गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगभर वाढली. ती खेळाडूला काय खाऊ नको हे कमी सांगते, आणि काय, किती, कधी खा हे जास्त सांगते. या शाखेतलं एक मोठं नाव म्हणजे नेदरलँड्सचे आस्कर युकेनड्रुप. त्यांची कारकीर्द समजून घेतली तर हा पेशा नेमका काय आहे ते कळतं. आणि त्यांच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या काही गोष्टी थेट आपल्या इफ्तारच्या दस्तरखानापर्यंत येऊन पोहोचतात.

शर्यतीत उतरणारा प्राध्यापक

युकेनड्रुप यांनी मास्ट्रिख्त विद्यापीठातून १९९७ मध्ये पीएचडी केली. विषय होता, व्यायाम करताना शरीर साखर आणि चरबी कशी जाळतं. पुढे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात ते व्यायाम-चयापचयाचे प्राध्यापक झाले आणि तिथे बरीच वर्षं त्यांनी संशोधन केलं. नंतर गेटोरेड या पेयाच्या कंपनीच्या क्रीडाविज्ञान संस्थेचं प्रमुखपद सांभाळलं. इथिओपियाचा मॅरेथॉनपटू हेले गेब्रसेलासी, बार्सिलोनाचा फुटबॉल क्लब, सायकलिंगचे व्यावसायिक संघ अशांसोबत त्यांनी काम केलं. नेदरलँड्सच्या ज्या युम्बो-विस्मा संघाच्या योनास विंगेगार्डने २०२२ आणि २०२३ ची टूर द फ्रान्स जिंकली, त्या संघाच्या आहाराची जबाबदारीही त्यांच्याकडे होती.

पण त्यांचं नाव घेण्याचं खरं कारण वेगळं आहे. हे गृहस्थ स्वतः आयर्नमॅन शर्यती करतात. आयर्नमॅन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, लगेच १८० किलोमीटर सायकल, आणि त्यानंतर ४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन, सगळं एकाच दिवसात. १९७८ मध्ये हवाई बेटांवर १५ जणांनी सुरू केलेली ही शर्यत आज जगभर होते. युकेनड्रुप यांनी अशा २१ शर्यती पूर्ण केल्या आहेत. त्यातल्या सहा तर हवाईतल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या, जिथे पात्र ठरल्याशिवाय सहसा जाता येत नाही.

यानं फरक काय पडतो? पुस्तकात लिहिलेलं असतं की ताशी अमुक ग्रॅम साखर पोटात गेली पाहिजे. पण सायकलवर सहा तास काढल्यावर, ऊन डोक्यावर असताना, गोड गोड जेलचा दहावा घोट घशाखाली उतरत नाही. पोट डचमळतं, कधी उलटी होते. हे ज्याने सोसलंय त्याचा सल्ला वेगळा असतो. ‘पोटालाही सराव द्यावा लागतो’ हे सूत्र युकेनड्रुप आग्रहाने मांडतात. पायांना जसं आठवड्यामागे आठवडे शिकवतो, तसं आतड्यालाही धावताना खाणं-पिणं पचवायला शिकवायचं. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदाच नवीन काही खायचं नाही.

आतड्याचे दोन दरवाजे

आता जरा शास्त्र. आपल्या स्नायूंमध्ये आणि यकृतात साखरेचा साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. चांगलं खाल्लेल्या माणसात सगळा मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे दोन हजार कॅलरीच्या आसपास. चरबी मात्र सडपातळ माणसाकडेही याच्या कित्येक पट असते. पण चरबी हळू जळते, आणि वेग वाढवला की शरीर साखर मागतं. मॅरेथॉनमध्ये तीस किलोमीटरच्या पुढे अनेकांचे पाय एकदम शिशासारखे जड होतात, त्यामागे हा साठा संपणं हे मोठं कारण असतं.

मग धावताना साखर घेत राहायची. पण किती? बराच काळ असं मानलं जायचं की बाहेरून घेतलेली साखर शरीर मिनिटाला साधारण एक ग्रॅम, म्हणजे तासाला साठ ग्रॅमपर्यंतच वापरू शकतं. त्याहून जास्त ग्लुकोज प्यायलं तर ते पोटात पडून राहतं आणि त्रास देतं. अडचण स्नायूंची नव्हती, आतड्याची होती. ग्लुकोज आतड्यातून रक्तात जाण्याचा एक ठरलेला दरवाजा असतो आणि तिथे गर्दी होते.

बर्मिंगहॅममध्ये युकेनड्रुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा विचार केला. फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, दुसऱ्या दरवाजाने आत जाते. मग दोन्ही एकत्र दिल्या तर? २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात सायकलपटूंना नुसतं ग्लुकोज दिल्यावर शरीराने मिनिटाला ०.८ ग्रॅमच्या आसपास वापरलं, आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज मिळून दिल्यावर १.२६ ग्रॅम. निम्म्याहून जास्त वाढ! पुढे २००८ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत असंही दिसलं की दोन तास सायकल चालवून झाल्यावर घेतलेल्या वेळेच्या शर्यतीत मिश्र साखर घेणारे, नुसतं ग्लुकोज घेणाऱ्यांपेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी सरस ठरले. अडीच तासांहून लांबच्या शर्यतीत तासाला ९० ग्रॅमपर्यंत साखर घ्या, हा आज सगळीकडे दिला जाणारा सल्ला इथून आला.

आता खजुराकडे बघा. खजुरात साखर भरपूर असते हे सगळ्यांना माहीत आहे. पण ती कोणती? बहुतेक खजुरांत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळजवळ निम्मं-निम्मं असतं. म्हणजे दोन्ही दरवाजे एकदम उघडणारं फळ. एका लहान खजुरात पाच-सहा ग्रॅम साखर, मेडजूलसारख्या मोठ्या खजुरात पंधराच्या पुढे. आपण खजुराने रोजा सोडतो तो सुन्नत म्हणून, आणि तेवढं कारण आपल्याला पुरेसं आहे. प्रयोगशाळेने त्यावर शिक्का मारावा अशी काही गरज नाही. पण लांब पल्ल्याच्या धावपटूने खिशात बिया काढलेले खजूर ठेवले तर महागड्या जेलचं बरंचसं काम होतं, एवढं नक्की. फक्त खजुरात तंतू असतात, ते जोरात पळताना काहींच्या पोटाला जड जातात. म्हणून आधी सरावात खाऊन बघायचे.

नुसती चूळ भरली तरी?

त्याच प्रयोगशाळेतली आणखी एक गोष्ट रोजेदारांना विशेष रंजक वाटेल. साधारण तासाभराच्या जोरदार शर्यतीत साखरेचं पाणी प्यायलं की वेळ सुधारते, हे दिसत होतं. पण का, ते कळत नव्हतं. तासाभरात साठा संपत नाही आणि प्यायलेल्यातलं फार थोडं वापरलं जातं. मग संशोधकांनी साखर थेट शिरेतून रक्तात सोडून पाहिली. वेळेत काही फरक नाही. नंतर उलटं केलं. सायकलपटूंना माल्टोडेक्स्ट्रिन नावाच्या साखरेच्या पाण्याने फक्त चूळ भरायला लावली आणि थुंकून टाकायला सांगितलं. पोटात काहीच गेलं नाही, तरी वेळ सुमारे तीन टक्क्यांनी सुधारली. तोंडातून मेंदूला ‘इंधन येतंय’ असा निरोप जातो आणि मेंदू लगाम थोडा सैल करतो, असा अर्थ यातून पुढे आला. बर्मिंगहॅमच्याच संशोधकांनी नंतर मेंदूच्या स्कॅनमध्ये त्याच्या खुणाही पाहिल्या.

मलेशियातल्या संशोधकांनी हाच धागा पकडून रमजानात, दमट उकाड्यात, रोजेदार सायकलपटूंवर प्रयोग केला. चूळ भरणाऱ्यांची वेळ चूळ न भरणाऱ्यांपेक्षा चांगली आली. गंमत म्हणजे साखरेची चूळ आणि बिनसाखरेची चूळ यांच्यात फारसा फरक दिसला नाही. कोरडं तोंड ओलं होणं हेच मोठं ठरलं असावं.

इथे एक सावधगिरी. वजूची कुल्ली वेगळी आणि चवीसाठी गोड पाणी तोंडात घोळवणं वेगळं. रोज्यात विनाकारण चव घेणं मकरूह मानलं जातं आणि घोट घशाखाली उतरला तर रोजाच जातो. दम लागलेल्या माणसाच्या घशात कधी काय उतरेल सांगता येत नाही. तेव्हा शास्त्र काय म्हणतं ते वाचावं आणि करायचं की नाही ते आपल्या मौलानांना विचारावं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या क्षेत्रातल्या संशोधनाचा बराचसा पैसा पेय बनवणाऱ्या कंपन्यांकडून येतो आणि युकेनड्रुप स्वतः अशा कंपनीच्या संस्थेत होते. २०१२ मध्ये ब्रिटनच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने क्रीडापेयांच्या दाव्यांवर आणि त्यामागच्या संशोधनावर कडक टीका केली होती. ताशी ९० ग्रॅमचा हिशेब तासन्‌तास दमणाऱ्यांसाठी आहे. संध्याकाळी अर्धा तास मैदानाला फेऱ्या मारणाऱ्या मुलाला रंगीत बाटलीची काहीच गरज नाही. त्याला घरचं जेवण आणि साधं पाणी पुरतं.

या माणसाचं दिवसभराचं काम काय?

टूर द फ्रान्समध्ये तीन आठवड्यांत २१ टप्पे असतात. डोंगराच्या दिवशी एकेक सायकलपटू पाच हजार कॅलरींच्या पुढे जाळतो. संघाचा आहारतज्ज्ञ आदल्या रात्री उद्याच्या टप्प्याचा चढ-उतार, हवामान आणि प्रत्येकाची जबाबदारी बघतो. जो उद्या संघासाठी वारा अडवणार त्याला जास्त, ज्याला उद्या आराम आहे त्याला कमी. मग नाश्त्याला किती ग्रॅम भात, वाटेत कुठल्या तासाला काय, टप्पा संपल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काय, हे प्रत्येकासाठी वेगळं लिहून स्वयंपाक्याकडे जातं. युकेनड्रुप यांच्या सहभागाने युम्बो-विस्मासाठी एक ॲपच तयार झालं, ज्यात हा सगळा हिशेब बसवला गेला. म्हणजे तज्ज्ञाचं निम्मं काम गणिताचं आणि निम्मं स्वयंपाकघरातलं.

आपल्याकडच्या आहारतज्ज्ञाचं काम याहून साधं असतं, पण पद्धत तीच. खेळाडूचं वजन, चरबीचं प्रमाण, रक्तातलं लोह आणि ड जीवनसत्त्व, घामाचा दर, घरची परिस्थिती, हॉस्टेलच्या मेसमध्ये काय मिळतं, हे सगळं बघून बेत आखायचा. घामाचा दर तर घरीही काढता येतो. सरावाआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं. मध्ये काही प्यायला असाल तर ते त्यात मिळवा. एवढी एक गोष्ट माहीत असली तर ‘दिवसाला किती पाणी प्यायचं’ या वादात पडावं लागत नाही, कारण उत्तर प्रत्येकाचं वेगळं निघतं.

रमजानात नेमकं काय होतं

२०१२ चं लंडन ऑलिंपिक भर रमजानात आलं होतं. त्या वर्षी क्रीडाविज्ञानाच्या एका नियतकालिकाने रमजान आणि खेळ यावर खास लेखमाला काढली. त्यात लुईस बर्क यांचाही लेख होता. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय क्रीडासंस्थेत १९९० पासून आहारविभाग उभा करणाऱ्या या बाई, या पेशातल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक. सोमाली वंशाचा ब्रिटिश धावपटू मो फराह याने त्या ऑलिंपिकमध्ये पाच हजार आणि दहा हजार मीटरची सुवर्णपदकं मिळवली. त्याने स्पर्धेच्या काळातले रोजे नंतर ठेवायचं ठरवलं होतं. इतर अनेकांनी रोजे ठेवूनच भाग घेतला.

आजवरच्या संशोधनाचा सूर असा आहे: ज्या खेळाडूंनी दिवसभराचा एकूण आहार, झोप आणि सराव सांभाळला, त्यांच्या कामगिरीत रमजानात घट झाली तरी ती थोडी असते. घट दिसते ती मुख्यतः तासाहून लांबच्या श्रमात, उन्हातल्या श्रमात आणि दुपारनंतरच्या जोरकस सरावात. आणि खूपदा दोष भुकेचा नसतो, झोपेचा असतो. तरावीहनंतर बारापर्यंत जागायचं, चारला सहरीला उठायचं, आठला कॉलेज, आणि मग म्हणायचं की रोज्याने अंगात ताकद नाही राहिली.

म्हणून बेत असा ठेवता येतो. हलका सराव इफ्तारच्या आधीचा अर्धा-पाऊण तास, म्हणजे संपताच खायला-प्यायला मिळतं. जोराचा सराव इफ्तारनंतर दोन-अडीच तासांनी, ज्यांना तरावीहची वेळ जुळते त्यांनी. दुपारच्या उन्हात लांब पळणं मात्र रमजानभर बंद, यावर माझ्या मते वादच नको. उष्माघात कुणाची नियत बघत नाही. चक्कर, कापरं, घाम थांबणं, बोलणं अडखळणं अशी चिन्हं दिसली तर लगेच सावलीत नेऊन अंग गार करायचं, पाणी द्यायचं, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठायचा. जीव धोक्यात असताना रोजा सोडण्याची मुभा शरियतनेच दिली आहे.

इफ्तारला खजूर आणि पाणी, मग थोडं फळ किंवा सूप, मगरिब, आणि त्यानंतर खरं जेवण. आपल्याकडे होतं उलटं. समोसे, भजी आणि लाल सरबताने पोट गच्च भरतं आणि जेवणाला जागा राहत नाही. तळलेलं हराम नाही, पण ६० किलोच्या धावपटूला जोराच्या सरावाच्या दिवशी किलोमागे सहा-सात ग्रॅम, म्हणजे चारशे ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं लागतात. ती भजीतून येत नाहीत. ती भात, भाकरी, बटाटा, केळी, शेवया यांतून येतात. कोकणातली तांदळाची भाकरी आणि माशाचं सालन हे धावपटूचं अव्वल जेवण आहे. खिचडाही तसाच, त्यात गहू, डाळी आणि गोश्त एकत्र येतात. फक्त वरचं तूप हात आखडून.

प्रथिनं एकदम न घेता वाटून घ्यायची: इफ्तारनंतर वीस-पंचवीस ग्रॅम, झोपण्याआधी दूध किंवा दही, सहरीला पुन्हा वीस-पंचवीस. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास असतात, म्हणजे हिशेब करता येईल. सहरी चुकवायची नाही आणि उशिरा करायची, हे तर आपल्याला शिकवलेलंच आहे. घटलेल्या वजनाच्या सव्वा ते दीडपट पाणी इफ्तार ते सहरी थोडं थोडं करून प्यायचं. सहरीला घटाघटा दोन लिटर ओतलं तर ते फजरच्या नमाजनंतर लगेच बाहेर पडतं. घाम खूप गेला असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे जुलाबासाठी वापरतो तेच पाणी इथेही चालतं. मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी मात्र हे आकडे स्वतःला लावू नयेत, डॉक्टरांना विचारावं.

मॅरेथॉनच्या तारखांचा विचार आतापासून करायला हवा. मुंबई मॅरेथॉन साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. हा क्रम तसाच राहिला तर २०२९, २०३० आणि २०३१ अशी सलग तीन वर्षं शर्यत रमजानात येईल. पूर्ण मॅरेथॉन अलीकडे पहाटे पाचच्या सुमारास सुटते आणि जानेवारीत मुंबईत सहरीची वेळ सहाच्या थोडी आधी संपते. म्हणजे रोजेदाराला पहिला तास खाता-पिता येईल, पण पुढचे तीन-चार तास धावणं आणि त्यानंतर मगरिबपर्यंत पाण्याचा थेंब नाही. बेचाळीस किलोमीटर अशा रीतीने धावू नये, असंच कुठलाही जबाबदार आहारतज्ज्ञ सांगेल. दहा किलोमीटर होऊ शकतं. रत्नागिरीहून किंवा कोल्हापूरहून जाणारा धावपटू मुसाफिर ठरतो का, त्याला रोजा नंतर ठेवण्याची सवलत लागू होते का, हे आधीच आलिमांना विचारून ठेवलेलं बरं. नुसत्या स्पर्धेसाठी रोजा सोडता येतो का यावर सर्वांचं एकमत नाही.

डब्यावरचं लेबल

जिममध्ये जाणाऱ्या मुलांचा सर्वांत मोठा प्रश्न हलालचा. जेलच्या पाकिटात बहुधा साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिनच असतं. पण चघळायच्या गोळ्या आणि गमीजमध्ये जिलेटिन असू शकतं, तसंच माशाच्या तेलाच्या मऊ कॅप्सूलच्या आवरणातही. जिलेटिन कुठल्या जनावराचं ते पाकिटावर सहसा लिहिलेलं नसतं. भारतात विकल्या जाणाऱ्या डब्यावर हिरवं शाकाहारी चिन्ह असेल तर जिलेटिनची शंका मिटते. चवीसाठी वापरलेल्या अल्कोहोलबद्दल मात्र ते चिन्ह काही सांगत नाही.

दुसरा धोका डोपिंगचा. उत्तेजकविरोधी नियमांत ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची. भेसळीच्या पावडरमुळे बंदी आली तर राज्य संघातली जागा आणि खेळाडू कोट्यातली नोकरी, दोन्ही जातात. लुईस बर्क यांच्या संस्थेने सप्लिमेंट्सची अ, ब, क, ड अशी चार गटांत विभागणी केली आहे. पहिल्या गटात फार थोड्या गोष्टी आहेत, जसं क्रीडापेय, कॅफिन, क्रिएटिन, आणि त्याही विशिष्ट परिस्थितीत. बाजारातला बाकीचा बहुतेक माल खालच्या गटांत. मुलाच्या हातात तीन हजारांचा डबा देण्याआधी त्याला रोज तीन अंडी, दूध आणि डाळ मिळते का, हे बघितलेलं चांगलं.

मुलींसाठी

धावणाऱ्या मुलींची एक गोष्ट घरात बोललीच जात नाही. सराव वाढला आणि खाणं तेवढंच राहिलं, किंवा बारीक दिसण्यासाठी कमी केलं, तर शरीर काटकसर सुरू करतं. पाळी अनियमित होते, कधी थांबते. हाडं ठिसूळ होतात, पायाच्या हाडाला बारीक तडे जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन ती गांभीर्याने घ्यायला सांगितलं, आणि मुलांमध्येही ती असते हे नोंदवलं. ‘खेळाडू मुलींची पाळी जातेच’ असं एखादा कोच म्हणाला तर त्याचं ऐकू नका, डॉक्टरकडे जा.

पण पंधरा वर्षांची मुलगी हे पुरुष कोचला सांगणार नाही, आणि आपल्या घरांतली तर नाहीच. इथे बाई आहारतज्ज्ञ लागते. तिला रोज्यांचं, कजा रोज्यांचं, हलालचं वेगळं समजावून सांगावं लागत नसेल तर आणखी चांगलं. राजस्थानातली सुफिया सुफी २०१९ मध्ये काश्मीर ते कन्याकुमारी ८७ दिवसांत धावून गेली आणि गिनीज बुकात पोहोचली. अशा मुली आता पुढे येत आहेत, त्यांच्यासोबत काम करणारी माणसं मात्र मोजकी आहेत.

शिकायचं कुठून

बारावी विज्ञान किंवा गृहविज्ञान, मग पोषणशास्त्रातली पदवी, मग पदव्युत्तर शिक्षण, हा सरळ रस्ता. महाराष्ट्रात एसएनडीटी महिला विद्यापीठाची गृहविज्ञान महाविद्यालयं यासाठी जुनी आणि ओळखीची आहेत. मुलीला फक्त मुलींच्या कॉलेजात घालायचं असेल तर तिथे ती अडचणही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत क्रीडा पोषणाची पदव्युत्तर पदवी आहे. दवाखान्यातही काम करायचं असेल तर इंडियन डायटेटिक असोसिएशनची नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा द्यावी. चार-सहा आठवड्यांचं ऑनलाइन प्रमाणपत्र घेऊन ‘न्यूट्रिशनिस्ट’ अशी पाटी लावणारे खूप झालेत. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञांना आरोग्यसेवेशी निगडित व्यवसायांत धरलं आहे, त्यामुळे पक्की पदवी असणं पुढे जास्त महत्त्वाचं ठरेल.

त्यावर दोन गोष्टी जोडता येतात. शरीराची मापं प्रमाणित पद्धतीने घेण्याचं आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा क्रीडा पोषणाचा दोन वर्षांचा डिप्लोमा, जो घरी राहून करता येतो. लुईस बर्क या डिप्लोमाच्या संचालकांपैकी एक राहिल्या आहेत. नोकऱ्या साई अर्थात भारतीय क्रीडा प्राधिकरणाची केंद्रं, व्यावसायिक लीगचे संघ आणि खासगी अकादम्या इथे निघतात. बऱ्याच कंत्राटी असतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवावं. सुरुवातीची काही वर्षं दवाखाना किंवा जिमची नोकरी आणि संध्याकाळी खेळाडू, असंच चालतं.

आयर्नमॅन करायला पाहिजे असं काही नाही. पण जी मुलगी स्वतः दहा किलोमीटर धावते, रोजे ठेवून सराव करते आणि काय खाल्ल्यावर काय झालं याची वही ठेवते, तिच्याकडे मुलाखतीच्या दिवशी दाखवायला पदवीपेक्षा जास्त काहीतरी असतं.